धीर आणि दिरंगाई : पत्त्यांच्या पटावरील महायंत्रें

पत्त्यांचा खेळ म्हणजे रिकाम्या वेळाचा उद्योग, ही समजूत फार जुनी आहे. आणि पुष्कळ खेळांच्या बाबतींत ती खरीही आहे. परंतु कांहीं खेळ असे असतात कीं, त्यांत वेळ घालविण्यापेक्षां वेळेचा हिशेब मांडण्याकडेच खेळणाराचें सारें लक्ष लागतें. कोणतें काम आज करावयाचें, कोणतें उद्यांवर ठेवावयाचें, उद्यांचा दिवस उजाडेपर्यंत तग कसा धरावयाचा, आणि तो उजाडल्यावर तरी हात उचलावयाचा कीं परवांची वाट पाहावयाची, हे प्रश्न त्या खेळांत पदोपदीं उभे राहतात. ‘हार्थस्टोन’ हा पडद्यावर खेळावयाचा पत्त्यांचा खेळ याच जातीचा आहे. त्यांतील योद्ध्याचा वर्ग आणि त्याच्या पदरीं असलेलीं अवजड महायंत्रें हा आजच्या भाषणाचा विषय. हा पक्ष चालीनें मंद, पण बळानें प्रचंड. त्याच्या हातून जिंकणारे थोडे नाहींत. परंतु त्याला हातीं धरून हरणारेही पुष्कळ आहेत, आणि त्यांपैकीं बहुतेकांच्या हरण्याचें कारण एकच असतें. धीर आणि दिरंगाई यांतील फरक त्यांस कळलेला नसतो.

प्रथम खेळाची ओळख करून देणें अवश्य आहे. कॅलिफोर्नियांतील ब्लिझर्ड एंटरटेनमेंट या अमेरिकन कंपनीनें तो मार्च २०१४ मध्यें प्रसिद्ध केला. हे पत्ते कागदाचे नसतात. संगणकाच्या किंवा मोबाईलच्या पडद्यावर ते मांडले जातात, आणि दोन खेळाडू जगाच्या दोन टोकांस बसूनही एकमेकांशीं डाव खेळूं शकतात. नेहमींच्या बावन्न पत्त्यांचा कॅट सर्वांस सामायिक असतो. येथें मात्र प्रत्येक खेळाडू आपला ३० पत्त्यांचा कॅट घरून निवडून आणतो. एकच पत्ता फार तर दोनदां घेतां येतो, आणि कांहीं थोर पत्ते तर एकदांच. खेळाडूचा एक नायक असतो. त्याच्या अंगीं ३० प्राण असतात, आणि ते संपले कीं डाव संपला. नायकांचे वर्ग आरंभीं ९ होते, आज ते ११ आहेत. प्रत्येक वर्गाचे कांहीं पत्ते स्वतःचे असतात, तर कांहीं सर्वांस मोकळे असतात.

आतां या खेळांतील चलनाकडे वळावें. प्रत्येक पत्ता खेळण्यास ठराविक किंमत पडते, आणि ती स्फटिकांत चुकवावी लागते. पहिल्या पाळीस खेळाडूपाशीं एक स्फटिक असतो, दुसऱ्या पाळीस दोन, तिसऱ्या पाळीस तीन. असें करतां करतां दहाव्या पाळीस दहा होतात, आणि तेथें वाढ थांबते. येथें एक नियम नीट ध्यानांत धरला पाहिजे. एका पाळींत न वापरलेला स्फटिक पुढच्या पाळीस शिल्लक राहत नाहीं. तो गेला तो गेला. म्हणजे या जगांत काटकसर करून द्रव्य सांठवितां येत नाहीं. जें मिळतें तें त्याच क्षणीं कामास लावावें लागतें. सांठवितां येतात ते फक्त हातांतले पत्ते, आणि तेही दहापर्यंतच. अकरावा पत्ता हातीं आला तर तो जळून जातो.

आणखी एक नियम असा कीं, पटावर नवा मांडलेला सैनिक त्याच पाळींत हल्ला करूं शकत नाहीं. तो एक फेरी नुसता उभा राहतो. प्रतिपक्षाला त्याच्याकडे पाहून काय तो बंदोबस्त करण्यास एक संपूर्ण पाळी मिळते. एका स्फटिकाचा किरकोळ सैनिक असा उभा राहिला आणि मारला गेला, तर नुकसान थोडें. परंतु सात किंवा आठ स्फटिक खर्चून आणलेलें महायंत्र एका हलक्या पत्त्यानें जमीनदोस्त झालें, तर सगळी पाळी पाण्यांत गेली. अवजड पक्षाची खरी अडचण हीच आहे. त्याचा एक पत्ता महाग असतो, उशिरा येतो, आणि आल्यावर पुन्हां थांबतो.

यंत्रसैनिकांची जात या खेळांत डिसेंबर २०१४ मध्यें आली. त्या मालेंत डॉ. बूम नांवाचा एक विक्षिप्त शास्त्रज्ञ होता. सात स्फटिकांचा, सात बळाचा आणि सात प्राणांचा हा पत्ता आपल्याबरोबर दोन स्फोटक यंत्रें आणीत असे, आणि तीं मरतांना शत्रूवर फुटत असत. हा गृहस्थ लोकांच्या ध्यानांत राहिला. पुढें ७ ऑगस्ट २०१८ रोजीं त्याच्याच नांवानें ‘बूम्सडे प्रॉजेक्ट’ ही नवी माला निघाली, आणि तींत तो योद्ध्याच्या वर्गाचा नायक म्हणून परत आला. या वेळीं त्यानें स्वतःच एका मोठ्या यंत्राचा पोशाख चढविला होता. तो पत्ता खेळला म्हणजे खेळाडूच्या जुन्या नायकाची जागा डॉ. बूम घेतो, त्यास ७ चिलखत मिळतें, आणि तेथून डाव संपेपर्यंत त्याच्या प्रत्येक यंत्रसैनिकास आल्याबरोबर शत्रूच्या सैनिकांवर धावून जाण्याची मुभा मिळते.

या एका वाक्यांत सगळ्या पक्षाचें भवितव्य सांठविलेलें आहे. अवजड यंत्राची जी मूळ उणीव, एक फेरी उभें राहण्याची, ती या पत्त्यानें नाहींशी होते. शिवाय नायकाची अंगची शक्ति पालटते. पूर्वीं योद्धा दर पाळीस दोन स्फटिक देऊन दोन चिलखत मिळवूं शके. डॉ. बूमच्या यंत्रपोशाखाची शक्ति त्याच किंमतींत दर पाळीस वेगळें कांहीं देते : कधीं ७ चिलखत, कधीं एका शत्रूस ३ घाव, कधीं सर्व शत्रूंस एकेक घाव, कधीं तीन लहान यंत्रें, तर कधीं निवडून घ्यावयास एक नवा यंत्रसैनिक. आज कोणती शक्ति मिळेल हें खेळाडूच्या हातीं नसतें, पण मिळेल ती उपयोगीच असते.

त्याचे साथीदारही तसेच. एप्रिल २०१९ च्या मालेंत ‘ओमेगा डेव्हॅस्टेटर’ नांवाचें यंत्र आलें. किंमत चार स्फटिक, बळ ४, प्राण ५. चौथ्या पाळीस खेळलें तर तें एक साधें यंत्र. परंतु खेळाडूचे दहाही स्फटिक भरल्यानंतर खेळलें, तर तें येतांच शत्रूच्या एका सैनिकास १० घाव घालतें. ‘झिलियॅक्स’ हें पांच स्फटिकांचें यंत्र बळानें बेताचें. पण तें येतांच शत्रूच्या सैनिकावर धावतें, पहिला घाव फुकट झेलतें, नायकाच्या पुढें आडवें उभें राहतें, आणि जेवढे घाव घालतें तेवढे प्राण नायकास परत देतें. तें दुसऱ्या यंत्राच्या डाव्या बाजूस ठेवलें तर लोहचुंबकाप्रमाणें त्यास चिकटून दोघांचें एकच यंत्र होतें.

असें सामर्थ्य हातीं असतां हा पक्ष हरतो तरी कसा? याचें उत्तर साध्या बेरजेंत आहे. पहिल्या सहा पाळ्यांत मिळून खेळाडूस १, २, ३, ४, ५ आणि ६, असे एकूण २१ स्फटिक मिळतात. डॉ. बूमची त्या काळची किंमत ७ होती. म्हणजे सातव्या पाळीपूर्वीं तो हातांत असून नसल्यासारखाच. चपळ पक्षाचा प्रतिस्पर्धी मात्र एकेक, दोन दोन स्फटिकांचे सैनिक पहिल्या पाळीपासून मांडीत जातो, आणि पांचव्या-सहाव्या पाळीपर्यंत तीसपैकीं पंधरा-वीस प्राण काढून घेण्याची त्याची तयारी असते. महायंत्रें यावयाचीं तेव्हां येतील. परंतु त्यांनीं येऊन पाहावें तों नायक मरून पडलेला, अशी वरातीमागून घोड्याची गत व्हावयास वेळ लागत नाहीं. म्हणून या पक्षाचा कॅट रचतांना शहाणे खेळाडू यंत्रांची भाऊगर्दी करीत नाहींत. ते कॅटांतील मोठा भाग वेळ विकत घेणाऱ्या पत्त्यांस देतात.

हे पत्ते दिसावयास क्षुद्र. ‘इटर्नियम रोव्हर’ हें एका स्फटिकाचें यंत्र. बळ १, प्राण ३. पण त्यास जितक्यांदा घाव बसेल तितक्यांदा नायकास २ चिलखत मिळतें. ‘शील्ड ब्लॉक’ त्या काळीं तीन स्फटिकांत ५ चिलखत आणि एक नवा पत्ता देई. ‘वॉरपाथ’ दोन स्फटिकांत पटावरील प्रत्येक सैनिकास, आपल्या आणि परक्या, एक घाव घालतो, आणि स्फटिक असतील तितक्यांदा त्याच पाळींत पुन्हां खेळतां येतो. ‘शील्ड स्लॅम’ एका स्फटिकांत शत्रूच्या एका सैनिकास आपल्या चिलखताइतके घाव घालतो. म्हणजे थेंबें थेंबें सांचविलेलें चिलखत येथें संरक्षणाबरोबर शस्त्राचेंही काम करतें. आणि ‘ब्रॉल’ पांच स्फटिकांत पटावरील सर्व सैनिकांस एकमेकांशीं झुंजवून त्यांपैकीं केवळ एकास जिवंत ठेवतो. तो एक कोणता, हें दैवावर सोडलेलें असतें.

या पत्त्यांचा उपयोग केव्हां करावा, यांतच या पक्षाची सारी विद्या आहे. आणि ती एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. संथ पक्षाच्या खेळाडूची पांचवी पाळी आहे असें समजावें. त्याचे २४ प्राण उरले आहेत, चिलखत मुळींच नाहीं, पटावर स्वतःचा एकही सैनिक नाहीं. समोर शत्रूचे तीन सैनिक आहेत. त्यांचें बळ ३, २ आणि २, एकूण ७. हातांत ‘ब्रॉल’ आहे आणि त्याच्या किंमतीइतके पांच स्फटिकही आहेत. नवशिक्याचा हात तत्काळ ‘ब्रॉल’कडे जातो. तिघांपैकीं दोघे मरतात, एक उरतो, आणि शत्रू पुढच्या पाळीस आणखी दोघांना आणून पट जवळजवळ पूर्ववत् करतो. एक मोलाचा पत्ता गेला आणि भय मात्र तसेंच राहिलें.

जाणता खेळाडू काय करतो? तो तीन स्फटिकांत ‘शील्ड ब्लॉक’ खेळून ५ चिलखत आणि एक पत्ता घेतो, उरलेल्या दोन स्फटिकांत नायकाच्या शक्तीनें आणखी २ चिलखत मिळवितो. पांचही स्फटिक कामीं आले, आणि चिलखत ७ झालें. शत्रूचे तिघे सातच घाव घालूं शकतात. ते सारे चिलखतावर जातात, प्राण २४ चे २४ राहतात. इकडे शत्रूस वाटतें कीं समोरचा गडी हतबल झाला आहे, पट स्वच्छ करण्यास त्याच्यापाशीं कांहीं नाहीं. म्हणून तो आणखी दोन सैनिक पुढें लोटतो. आतां पटावर पांच झाले. सहाव्या पाळीस ‘ब्रॉल’ पडतो : पांचांपैकीं चार नाहींसे होतात, आणि उरलेल्या एका स्फटिकांत एक ‘रोव्हर’ही दाराशीं उभा राहतो. पत्ता तोच, खर्च तोच. पण एका पाळीच्या धीरानें त्याचें फळ दुप्पट झालें.

येथें थांबण्यास धीर हें नांव शोभतें, कारण थांबलेल्या पाळीचा एकही स्फटिक फुकट गेला नाहीं. हेंच थांबणें दुसऱ्या प्रसंगीं दिरंगाई ठरतें. समजा, प्राण १३ उरले आहेत, समोरच्या सैनिकांचें बळ १२ आहे, आणि शत्रूच्या हातीं पुष्कळ पत्ते आहेत. त्यांत एखादें शस्त्र किंवा दोन घावांचा एखादा लहान पत्ता असणार, हें उघड आहे. अशा वेळीं आणखी दोन सैनिक जाळ्यांत सांपडतील या लोभानें ‘ब्रॉल’ राखून ठेवणारा खेळाडू तो पत्ता हातांत घेऊनच हरतो. पहिल्या प्रसंगीं खेळाडूनें शत्रू किती घाव घालूं शकेल याची बेरीज करून थांबण्याचा निश्चय केला. दुसऱ्या प्रसंगीं त्यानें बेरीजच केली नाहीं. बाहेरून पाहणारास दोघेही स्वस्थ बसलेलेच दिसतात.

याच विचारांतून प्राणांविषयींची एक वेगळी दृष्टि येते. नवीन खेळाडू आपल्या तीस प्राणांस देव्हाऱ्यांतील देवांप्रमाणें जपतो. २५ झाले कीं घाबरतो, २० झाले कीं हातचे सर्व पत्ते फेंकतो. संथ पक्षाच्या खेळाडूनें प्राण हें भांडवल समजावें. डाव संपवितो तो केवळ शेवटचा प्राण. त्यापूर्वींचे एकोणतीस खर्चण्यासाठींच आहेत. कोठें पांच प्राण देऊन एक पाळी मिळते, कोठें आठ देऊन शत्रूचे दोन सैनिक अधिक जाळ्यांत येतात. सौदा फायद्याचा असेल तेथें ते द्यावे; परंतु दिलेल्या प्रत्येक प्राणाच्या बदल्यांत काय पदरांत पडलें, हें सांगतां आलें पाहिजे. सांगतां येत नसेल, तर तो खर्च नव्हे, ती गळती होय.

आतां सातव्या पाळीचा विचार. सात स्फटिक भरले, हातांत डॉ. बूम आहे. उतावळ्या नवऱ्याप्रमाणें गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेला खेळाडू तत्क्षणीं तो पत्ता टाकतो. पण त्या पाळीस सातही स्फटिक त्यांतच जातात. पटावर एकही सैनिक येत नाहीं, शत्रूचा एकही सैनिक मरत नाहीं. मिळतें तें ७ चिलखत आणि पुढच्या पाळ्यांचें आश्वासन. शत्रूचा पट भरलेला असेल, तर हें आश्वासन वटविण्यापूर्वींच डाव आटोपतो. म्हणून डॉ. बूमला आणण्याची खरी वेळ दोन प्रसंगीं येते : शत्रूचा पट आदल्या पाळीस झाडून घेतला असेल तेव्हां, किंवा चिलखत आणि प्राण मिळून एक फेरी सहज सोसतां येईल तेव्हां. नवव्या पाळीस आणला तर आणखी एक लाभ होता : सात स्फटिक पत्त्याचे आणि दोन त्याच्या नव्या शक्तीचे, दोन्ही एकाच पाळींत साधत. मात्र समोरचा खेळाडूही संथ असेल, पट ओसाड असेल, तर नवव्या पाळीपर्यंत थांबण्यांत अर्थ नाहीं. तेथें सातव्या पाळीसच आणून ती बदलती शक्ति एक पाळी अधिक वापरावी.

‘ओमेगा डेव्हॅस्टेटर’च्या बाबतींत हाच पेंच अधिक बिकट होतो. चौथ्या पाळीस तो खेळावा कीं दहाव्यासाठीं राखावा? दहा स्फटिकांचें वैभव डोळ्यांपुढें आणून पाहिलें तर राखण्याचा मोह अनावर होतो. डॉ. बूम आलेला असेल तर दहाव्या पाळीस असे दोन डेव्हॅस्टेटर आठ स्फटिकांत येतात. येतांच प्रत्येकीं दहा घाव घालतात, शिवाय शत्रूच्या आणखी दोन सैनिकांवर धावून जातात. उरलेल्या दोन स्फटिकांत नायकाची शक्ति चालते. एका पाळींत शत्रूचे चार सैनिक संपण्याचा तो देखावा खरोखर भव्य असतो. परंतु चपळ शत्रूपुढें चौथ्या पाळीस हातांत दुसरें कांहीं नसेल, तर तेंच यंत्र ४ बळ आणि ५ प्राणांचा साधा पहारेकरी म्हणून मांडणें शहाणपणाचें. दहाव्या पाळीच्या वैभवासाठीं चवथी पाळी उपाशी ठेवणारास दहावी पाळी बहुधा दिसतच नाहीं.

शत्रू स्वतःच संथ असेल तेव्हां हिशेब उलटा होतो. तेथें घाई कोणासच नसते, आणि डाव शेवटच्या पत्त्यापर्यंत जातो. कॅट संपल्यावर जो पत्ता उचलावा लागतो, त्याच्याऐवजीं खेळाडूस थकव्याचा घाव बसतो : पहिल्या वेळीं १, दुसऱ्या वेळीं २, तिसऱ्या वेळीं ३, असा चढता. सात वेळांची बेरीज २८ होते आणि आठव्या वेळीं ती ३६ वर जाते. म्हणजे पूर्ण ३० प्राण असलेला नायकही आठव्या घावास मरतो. त्याच्याजवळ २० चिलखत असेल, तर नऊ घावांचे ४५ तो सोसतो आणि दहाव्यास पडतो. वीस चिलखताच्या बदल्यांत मिळाल्या दोन पाळ्या. अशा डावांत ‘शील्ड ब्लॉक’मुळें येणारा जादा पत्ताही विषासारखा वाटूं लागतो, कारण तो कॅट लौकर संपवितो. चपळ शत्रूपुढें जो पत्ता प्राण वाचवीत होता, तोच संथ शत्रूपुढें प्राण घेतो. म्हणून पहिल्या तीन-चार पत्त्यांची निवड करतांना समोर कोणता वर्ग बसला आहे हें आधीं पाहावें, आणि आपण या डावांत घाई करणारे आहोंत कीं घाई सोसणारे, हें ठरवूनच हात राखावा.

याच मालेंत ‘मेका-थून’ नांवाचें एक महायंत्र होतें, दहा स्फटिकांचें, दहा बळाचें आणि दहा प्राणांचें. तें मरतांना खेळाडूचा कॅट, हात आणि पट तिन्ही रिकामे असतील, तर शत्रूचा नायक तत्काळ नष्ट होई. हा पत्ता सर्व वर्गांस मोकळा होता, आणि त्याचा लाभ बहुधा इतर वर्गांनींच घेतला. तरी संथ खेळाविषयींचें एक तत्त्व त्यांत स्पष्ट दिसतें. सर्वांत मोठें यंत्र त्यासच फळतें, ज्यानें आपल्यापाशीं होतें तें सर्व खर्चून टाकलें आहे. पोटाशीं धरून बसणारास तें कांहींच देत नाहीं.

सामर्थ्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. इ. स. २०१९ मध्यें या पक्षाचें बळ इतकें वाढलें कीं, समोरच्या खेळाडूस डाव कंटाळवाणा होऊं लागला. ‘आर्काइव्हिस्ट एलिसियाना’ नांवाचा आठ स्फटिकांचा एक पत्ता त्या वर्षीं आला. तो खेळला कीं खेळाडूस निवडलेल्या पांच पत्त्यांच्या दोन दोन प्रति मिळून दहा पत्त्यांचा नवा कॅट मिळे. दोन स्फटिकांच्या दुसऱ्या एका पत्त्यानें तिला पटावरून परत हातांत घेतां येई आणि पुढें पुन्हां खेळतां येई. ८ आणि २ मिळून दहा, म्हणून हें सारें एकाच पाळींत बसे. दोन योद्धे समोरासमोर आले म्हणजे डाव संपावयाचें चिन्हच दिसत नसे. एका पाळीस ७५ सेकंदांपर्यंत वेळ मिळतो. असे दोघे संथ गडी पाळीमागून पाळी घालवूं लागले कीं, प्रेक्षकांचीही पुरेवाट होई.

चालकांनीं त्यावर केलेला उपाय अभ्यासण्याजोगा आहे. मे २०१९ मध्यें एलिसियानाची किंमत ८ वरून ९ झाली. दिसावयास फरक एका स्फटिकाचा. पण ९ आणि २ मिळून ११ होतात, आणि स्फटिक तर दहाच. एकाच पाळींत साधणारी युक्ति त्या एका अंकानें बंद झाली. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें डॉ. बूमची किंमत ७ वरून ९ करण्यांत आली. तेथेंही हाच हिशेब : ९ स्फटिक देऊन त्यास आणलें कीं त्याच पाळींत दोन स्फटिकांची नवी शक्ति वापरणें अशक्य. चालकांनीं महायंत्रांचे घाव कमी केले नाहींत, त्यांचें चिलखत काढून घेतलें नाहीं. त्यांनीं फक्त दोन पाळ्यांचा उशीर वाढविला. संथ पक्षाचें मर्मस्थान कोठें असतें, तें याहून स्पष्ट कोणतें पुस्तक सांगणार? पुढें एप्रिल २०२० मध्यें बूम्सडे मालेचे पत्ते नेहमींच्या चालू प्रकारांतून निघाले, आणि जुन्या-नव्या सर्व पत्त्यांस मोकळीक असलेल्या ‘वाइल्ड’ प्रकारापुरते उरले. मालेचें नांव बदललें तरी अवजड पक्षाचा प्रश्न मात्र प्रत्येक नव्या मालेंत नव्या वेषानें येतो.

तरुणांच्या पालकांसाठीं एक गोष्ट सांगणें येथें अप्रस्तुत होणार नाहीं. हा खेळ फुकट सुरू करतां येतो; परंतु पत्ते पुडक्यांतून मिळतात, पुडकीं पैसे देऊनही घेतां येतात, आणि पुडक्यांत काय निघेल तें दैवाधीन असतें. नको असलेला पत्ता मोडून त्याची धूळ करतां येते आणि त्या धुळींतून हवा तो पत्ता घडवितां येतो. पण थोर वर्गाचा पत्ता घडविण्यास १६०० धूळ लागते आणि मोडल्यास ४०० च परत मिळते. चारांतील तीन भाग बुडाले. डॉ. बूम, झिलियॅक्स आणि एलिसियाना हे तिन्ही त्याच थोर वर्गांतले; म्हणून अवजड पक्षाची हौस खिशासही अवजड पडते. पटावर स्फटिक मोजण्यास शिकलेल्या मुलानें पुडकें उघडण्यापूर्वीं खिशांतले रुपयेही त्याच काटेकोरपणानें मोजावे, आणि आधीं मित्रांचे डाव पाहून, हा मंद स्वभाव आपणांस मानवतो कीं नाहीं याची खात्री करून घ्यावी.

कारण हा पक्ष सर्वांस मानवणारा नाहीं. यांत लौकर यश नाहीं, आणि पहिले पंधरा-वीस डाव तर बहुधा पराभवाचेच जातात. त्या पराभवांनंतर विचारावयाचा प्रश्न एकच : डाव संपला तेव्हां हातांत काय उरलें होतें? हात रिकामा असेल, तर मदत वेळेवर आली नाहीं. कॅटांत लहान पत्ते वाढवावे. हात मोठमोठ्या यंत्रांनीं भरलेला असेल, तर दोष यंत्रांचा नव्हे. तीं राखणाराचा आहे, आणि पुढच्या डावांत प्रत्येक पाळीच्या अखेरीस किती स्फटिक न वापरतां गेले तें त्यानें मोजावें. असे गेलेले स्फटिक तीन डाव ओळीनें कागदावर टिपून ठेवले, तर आपण धीर धरीत होतों कीं दिरंगाई करीत होतों, हें कोणास विचारण्याची गरज उरत नाहीं.